उजव्या खिशातली जादाची डबी

मित्रांनो, माझं नाव मॅगझिन, पण वाचायचं ते नव्हे. पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवतात ती काडतुसांची चपटी पोलादी डबी, ती मी. त्यातही मी जादाची. पहिली डबी पिस्तुलात असते आणि मी मालकाच्या खिशात. पहिली रिकामी झाली किंवा अडली, तरच माझी पाळी येते. म्हणजे ज्या दिवशी कुणाला माझी आठवण होईल तो दिवस वाईटच असणार. म्हणूनच की काय, बाकीच्या दिवशी माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

माझी रचना अगदी साधी आहे. पोटात एक लांब स्प्रिंग, स्प्रिंगवर एक छोटा पाट आणि पाटावर एकावर एक बसलेली काडतुसं. वरचं काडतूस गेलं की पाटाने पुढचं लगेच वर ढकलायचं, एवढंच माझं काम. कारखान्यातल्या तपासणाऱ्या बाईंनी मला तीनदा भरलं, तीनदा रिकामं केलं, कोरड्या फडक्याने पुसलं आणि म्हणाल्या, "छान सुटसुटीत आहे हं." पुढे कित्येक वर्षं तेवढ्या एका शाबासकीवर मी दिवस काढले.

माझा मालक हॉलिस पेटिग्रू. टेक्सासच्या पश्चिमेला, कापसाच्या मुलखात, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग गिरणीवर तो मुकादम होता. रविवारी मात्र तो चर्चच्या उत्तरेच्या दारात उभा राहायचा. तिकडे चर्चमध्ये घुसून कुणी गोळीबार करेल अशी भीती असते, म्हणून चर्चने पिस्तुलाचा परवाना असलेल्या गावातल्या सात जणांचं राखणीचं पथक केलं होतं आणि ते दार अकरा वर्षं हॉलिसकडे होतं. येणाऱ्या प्रत्येकाशी तो हात मिळवायचा, म्हाताऱ्यांना पायरी चढवायचा, मुलांना पेपरमिंट द्यायचा. दारात उभा राहिला की तो दोन इंचांनी उंच दिसतो, असं त्याची बायको व्हर्ना म्हणायची. त्या जागेवर त्याचा जीव होता.

पिस्तुलाचे लाड काय सांगू! दर शनिवारी त्याला टेबलावर घ्यायचं, मऊ कापडाने पुसायचं, उजेडात धरून बघायचं. आणि मी? आठवडाभर जिनिंगच्या विजारीच्या खिशात, रविवारी कोटाच्या खिशात. सोबतीला रुई, धूळ, किल्ल्या आणि पेपरमिंटचा चुरा. मी कितीही कुरकुरले तरी या माणसाला एकच औषध ठाऊक होतं. जिनिंगवर काहीही कुरकुरलं की तेल घालायचं! तेच तो मला करायचा. महिन्यातून एकदा माझ्या पोटात तेलाची धार सोडायचा आणि स्वतःवर खूश व्हायचा. अहो, तेलात रुई पडली की काय होतं, हे जन्मभर कापसात राहिलेल्या माणसाला मी सांगायचं का? माझा अगदी संताप संताप व्हायचा, पण तोंडात काडतूस धरून बोलणार कशी!

दर ऑक्टोबरात पथकाची नेमबाजीची परीक्षा व्हायची, गावाबाहेरच्या मातीच्या बांधासमोर. त्या दिवशी सगळे घरून वेगळ्या, स्वच्छ डब्या आणायचे. त्यामुळे अकरा वर्षांत माझी परीक्षा कधी झालीच नाही. बाराव्या वर्षी पथकाची प्रमुख ओपल ट्रेडवे, निवृत्त पोलीस बाई, सर्वांसमोर उभी राहिली.

"यंदा ठेवणीतलं काही चालणार नाही. रविवारी खिशात जे असतं तेच काढा. जसंच्या तसं."

"सिस्टर ओपल, माझ्या खिशात व्हर्नाची किराणा यादीपण असते," हॉलिस म्हणाला. चर्चमधली माणसं एकमेकांना ब्रदर-सिस्टरच म्हणतात.

"तिच्यातून गोळी सुटत असेल तर तीही चालेल, ब्रदर हॉलिस."

सगळे हसले. पहिली डबी रिकामी झाली, हॉलिसने मला खिशातून काढून पिस्तुलात सरकवलं. पहिलं काडतूस मी दिलं. मग स्प्रिंगने जीव खाऊन जोर लावला, पण पाट चिकटला तो चिकटलाच. हॉलिसने चाप ओढला आणि नुसता टक आवाज आला. पुन्हा संधी मिळाली, पुन्हा टक.

"कारखान्याचा दोष आहे," हॉलिस म्हणाला. "हल्ली चांगला माल बनवतातच कुठे!"

ऐकून मी आतल्या आत जळले. ओपलने मला रिकामं केलं, गाडीच्या मागच्या उघड्या फळीवर माझी तळपट्टी काढली आणि अंगठ्याखाली दाबत हळूच स्प्रिंग बाहेर घेतली. तिच्याबरोबर बोटभर लांब, काळपट, तेलकट रुईचा बोळा निघाला. त्याला पेपरमिंटचा गुलाबी तुकडासुद्धा चिकटलेला होता.

"ब्रदर हॉलिस, तुम्ही हिच्यात काडतुसं भरता की गादी?"

या वेळी मात्र कुणी हसलं नाही. सहा आठवडे दारावर उभं राहायचं नाही, मग पुन्हा परीक्षा द्यायची, असं ठरलं.

रविवारी हॉलिस अंथरुणातून उठेना. "पाठ धरलीय," म्हणाला.

"पाठ नाही, नाक कापलंय तुझं," व्हर्ना म्हणाली. "ऊठ. माझ्या शेजारी बसायचं आज. बघ तरी आत काय चालतं ते."

आणि माझं काय केलं? मला मेलेल्या बॅटऱ्यांच्या खणात टाकलं आणि नवी डबी आणली. चकचकीत, माझ्याच मापाची.

"ही कुठे ठेवणार?" व्हर्नाने विचारलं.

"खिशात."

"त्याच?"

"मग काय डोक्यावर ठेवू?" असं म्हणून त्याने नव्या डबीत तेलाची धार सोडली.

नोव्हेंबरात पुन्हा परीक्षा झाली. नवी डबी दोन गोळ्या देऊन अडली. हॉलिसने या वेळी कारखान्याचं नाव काढलं नाही. घरी आला आणि खण उघडून त्याने मला बाहेर काढलं.

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून त्याने आम्हा दोघींना टेबलावर सुटं केलं. व्हर्नाने जुना टूथब्रश आणि फाटक्या बनियनचं फडकं दिलं. त्याने माझ्या कोपऱ्यांतली घाण खरवडली, स्प्रिंग पुसली, ती पहिल्यासारखीच बसते ना ते दोनदा पाहिलं. "तेल देऊ का?" व्हर्नाने मुद्दाम विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. आत कोरडंच ठेवायचं असतं, हे शिकायला त्याला बारा वर्षं लागली होती! खिसा सुटला, माझ्यासाठी पट्ट्यावर झाकणाचं चामडी म्यान आलं. मग चार शनिवार बांधापाशी नेऊन त्याने मला पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं.

डिसेंबरातल्या परीक्षेत मी सगळीच्या सगळी काडतुसं दिली, एकही न अडखळता.

"रविवारपासून उत्तरेचं दार तुमचं," ओपल म्हणाली.

हॉलिसने पिस्तूल रिकामं करून ठेवलं. त्याचा चेहरा आनंदी दिसेना.

"दोन महिने मी आत बसलो," तो म्हणाला. "प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले की मी दाराकडे बघायचो. अकरा वर्षं तुम्ही माझ्या भरवशावर डोळे मिटत होतात. माझी व्हर्नासुद्धा. आणि माझ्या खिशात तो रुईचा बोळा होता. मला दार मिळालं म्हणून शाबासकी देऊ नका, सिस्टर ओपल. आपलं नशीब म्हणून त्या दारावर कधी तशी वेळ आली नाही."

 ओपलने स्वतःच्या कोटात हात घातला, आपली जादाची डबी काढली, रिकामी केली आणि फळीवर ठेवून तिची तळपट्टी सरकवू लागली. एकेक करत बाकीच्यांनीही खिशात हात घातले. सातांपैकी तीन डब्यांतून रुई निघाली. त्यातली एक ओपलची होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला तुम्ही हात लावू नका. ते मोठ्यांचं काम आहे आणि त्यांनाच ते धड जमत नाही. पण तुमच्या घरातही अडीअडचणीसाठी ठेवलेलं काहीतरी असेल. ते आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. महिन्यातून एकदा ते काढा, पुसा, चालवून बघा. आमच्यावर विसंबून कुणीतरी डोळे मिटलेले असतात.