अनुभवाचा दाखला

अहो, असं पालथं घालू नका मला, नाकाला शाई लागते. मी रबरी शिक्का आहे, जालन्यातल्या एका दाळमिलचा. माझ्या तोंडावर मिलचं नाव उलटं कोरलंय, खाली 'प्रोप्रायटर' असा शब्द आहे. सही कुणीही करो, वजन पडतं ते माझंच, असा माझा बरीच वर्षं समज होता.

गावातल्या मस्तगडच्या एका बोळात पुंजाराम नावाच्या कारागिरानं पाऊण तासात मला कापलं, लाकडी मूठ चिकटवली आणि सेठजींना सांगितलं, "वीस वर्षं बिलकुल हलणार न्हाई." सेठजी म्हणजे गौतमचंद. राजस्थानातून आलेलं घराणं, पण चार पिढ्या जालन्यात काढलेल्या. त्यांनी मला दोनदा उलटसुलट बघितलं आणि खिशात टाकलं.

पहिली वर्षं फार मजेत गेली. बिलं, पावत्या, ट्रकच्या चिठ्ठ्या, सगळीकडे मी. माणसांची मोठी गंमत आहे बघा. कागदावर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही, शिक्का आहे का तेवढं बघतात आणि मान डोलावतात. मग सेठजींच्या मुलानं, हर्षनं, कॉम्प्युटर आणला. माझी शाई वाळून गेली. टेबलाच्या खणात सुपारीच्या डबीशेजारी माझी रवानगी झाली. मी काही तक्रार केली नाही. करणार कुणाकडे?

त्या खणातून मला बाहेर काढलं ते आकांक्षानं. टेंभुर्णीच्या शेतकऱ्याची पोरगी, बी.एस्सी. झालेली. मिलमध्ये येणाऱ्या तुरीचे, हरभऱ्याचे, मसुराचे नमुने तपासायला लागली होती. ओलावा किती, माती किती, कीड आहे का, हे ती बघायची. माल घ्यायचा की परत पाठवायचा हे मात्र सेठजी ठरवायचे. त्यांच्या मुठीला बाजारात फार मान. मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, अंगठ्यानं फिरवायचे आणि बोलायचे, की संपला विषय.

आता एक गोष्ट सांगतो, ती तेव्हा सेठजी, आकांक्षा आणि मी, आम्हा तिघांनाच माहीत होती. साखरेच्या आजारानं सेठजींच्या डोळ्यांचा पडदा खाल्ला होता. माणूस ओळखू यायचा, दाणा नाही. घरी त्यांनी चष्म्याचा नंबर वाढलाय एवढंच सांगितलं होतं. आकांक्षाला लागून तीन वर्षं झाली होती. एके दिवशी दलाल समोर बसलेला, सेठजींच्या मुठीत किडकी तूर, आणि ते आता 'झकास' म्हणणार, एवढ्यात आकांक्षानं मला खणातून काढून त्यांच्या हाताजवळ आडवं ठेवलं. सेठजींची बोटं माझ्यावरून फिरली. ते थांबले. मग दलालाला म्हणाले, "माल वापस घेऊन जा."

त्या दिवसापासून मी उभा असलो की माल पास, आडवा असलो की परत. सहा वर्षं हा कारभार चालला. दोघांनी त्याबद्दल एक अवाक्षर काढलं नाही. बाजारात सेठजींच्या मुठीचं कौतुक व्हायचं आणि आकांक्षा कोपऱ्यात चहाचे कप मोजायची.

तिला कधी नेमणुकीचं पत्र मिळालं नाही. एकदा तिनं विषय काढला, तर सेठजी दुखावले. "तू घरची पोरगी. घरच्या माणसाला कुणी पत्र देतं का?" पगार महिन्याच्या एक तारखेला पाकिटात, दिवाळीला साडी, आजारपणात गाडी. प्रेमात खोट नव्हती. कागद तेवढा नव्हता.

मग तिच्या नवऱ्याला, भागवतला, कॅनडात वेल्डरचं काम लागलं. तिलाही सोबत जाऊन काम करायची परवानगी आली. ज्या गावाचं नाव ती तिकडून येणाऱ्या मसुराच्या पोत्यांवर वाचायची, त्याच गावाला ते चालले होते. तिथं दाळींची मोठी मिल होती. आता प्रश्न एवढाच, की तिनं तिथं जाऊन दाळ बघायची, की नऊ वर्षं पाण्यात घालून कुणाच्या हॉटेलात भांडी घासायची.

निघायच्या आधीच नोकरी शोधायची कशी, याचा एक मोबाइलवरचा वर्ग तिनं लावला. शिकवायला अर्पिता मॅडम. दुपारच्या सुट्टीत आकांक्षा मोबाइल मला टेकवून ठेवायची, म्हणून मीही शिकलो. तिच्या बायोडाटावर सगळ्यात वर गणपती होता. खाली फोटो, वडिलांचं नाव, सासर, माहेर, उंची, रक्तगट. मॅडमनं ते सगळं काढायला लावलं. उरलं नाव आणि पदवी.

"नऊ वर्षं तुम्ही काय काम केलंत?" मॅडमनं विचारलं.

"पडेल ते."

"म्हणजे काय काय?"

"सेठजी सांगतील ते, मॅडम."

मॅडमनं कपाळाला हात लावला नाही, पण लावायच्या बेतात होत्या. म्हणाल्या, मालकांकडून अनुभवाचा दाखला आणा. त्यात काम लिहा, आणि फोन उचलतील असा नंबर लिहा. तिकडची माणसं फोन करून विचारतात.

सेठजींनी दाखला स्वतः सांगून लिहवून घेतला. आकांक्षा अत्यंत सुशील आहे, चांगल्या घरची आहे, नऊ वर्षांत कधी उलट बोलली नाही, मोठ्यांचा मान ठेवते. मग शाईची डबी भिजवली आणि मला एका कागदावर चार ठिकाणी हाणलं. मला तर धन्य वाटलं. मॅडमनं तो वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, "हा मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला चालेल. नोकरीला नाही. आणि शिक्क्यानं तिकडं कुणाचं काही अडत नाही."

मी ते मनावर घेतलं नाही. म्हणजे, घेतलं.

दुसरा दाखला आकांक्षानं स्वतः लिहिला. नमुने घेणं, ओलावा मोजणं, नोंदी ठेवणं. माल पास कोण करायचं, ते तिनं गाळलं. पेन तिथं आलं, थांबलं आणि पुढच्या ओळीवर गेलं. मी टेबलावरच होतो. मला फार राग आला तिचा. अगं बाई, सगळ्यात मोठं काम तेवढंच की! पण ते लिहिलं असतं तर सेठजींची मूठ उघडी पडली असती, आणि हे तिच्याच्यानं होईना.

तो दाखला जोडून तिनं कॅनडातल्या त्या मिलकडे अर्ज केला, आणि मिलनं मोबाइलवर तिची मुलाखत घेतली. आता फक्त मालकांशी बोलायचं बाकी होतं. फोन दिवेलागणीला आला. तिकडचा नियम असा, की आकांक्षानं तिथं थांबायचं नाही. ती बाहेर वजनकाट्याजवळ उभी राहिली, ओढणीचं टोक पिळत. आत सेठजी, इंग्रजीसाठी हर्ष, आणि मी.

दोन-चार प्रश्न सरळ गेले. मग तिकडच्या मिलची बाई म्हणाली, आम्हाला स्वतःच्या जबाबदारीवर माल पास-नापास करणारं माणूस हवंय. हे काम हिनं कधी केलंय का?

हर्षनं हसत सांगून टाकायला सुरुवात केली, "नो, नो, दॅट इज माय फादर..."

"थांब," सेठजी म्हणाले. "काय पुसलं तिनं, मला सांग."

हर्षनं सांगितलं. सेठजींनी चष्मा काढला. टेबलावर हात फिरवून मला शोधलं आणि मुठीत धरून बसले. तळहाताला घाम सुटला होता, माझी मूठ ओली झाली.

"सांग तिला. सहा साल झाले, मला दाणा दिसत न्हाई. माल ही पोरगीच पास करून राह्यली. एक ट्रक चुकला न्हाई."

"बापूजी, काय बोलून राह्यले तुम्ही?"

"बोल हर्ष. जसं सांगितलं तसं बराबर सांग. कमी करू नको."

हर्षनं सांगितलं. त्यानं एक शब्द कमी केला नाही. मग त्या बाईनं शेवटचं विचारलं. तिकडं सगळ्यांनाच विचारतात म्हणे. ही परत आली, तर तुम्ही तिला पुन्हा कामावर ठेवाल का?

सेठजींनी मला टेबलावर उभं ठेवलं.

"आजच्या आज ठेवीन," ते म्हणाले. "पण तुम्ही ठेवा."

आकांक्षाला ते काम मिळालं. जूनमध्ये ती गेली. दुसऱ्याच दिवशी सेठजींनी दलालाला तोंडावर सांगितलं, "मला दिसत न्हाई भाऊ, हर्षला दाखवा." बाजार आठवडाभर कुजबुजला आणि मग तुरीच्या भावाकडे वळला. हर्ष आता नमुने बघायला शिकतोय, चुकतो बऱ्याचदा. अडला की आकांक्षाला फोटो पाठवतो, आणि ती तिकडून सकाळच्या चहाला त्याला शिव्या घालते.

मी पुन्हा सुपारीच्या डबीशेजारी आहे. रबराला भेगा पडल्यात, मिलच्या नावातलं एक अक्षर उमटत नाही. माझं आता फार राहिलं नाही, आणि त्याचं दुःखही नाही. एकच मागणं आहे. तुमच्याकडे कुणी घरचं म्हणून राबत असेल, तर ते माणूस नेमकं काय काम करतं, ते आजच कागदावर लिहून द्या. त्यानं मागायची वाट बघू नका. मागताना जीव नकोसा होतो हो त्याचा, मी बघितलंय.