बोटभर जास्त

कचेरीच्या आवारात ताईने बाकाला टेप लावला, काढला, पुन्हा लावला, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. बाक उंच झालं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं बोटभर!

आता हे घडलं कसं, ते ऐका. ताई म्हणजे एका लहानशा सुतारकामाच्या कारखान्याची मालकीण व्हायला निघालेली मुलगी. निघालेली म्हणायचं, कारण मालक अजून बाबाच होते आणि बाबांनी हात टेकले होते. तयार फर्निचरच्या दुकानांपुढे टिकाव लागेना, गिऱ्हाईक फिरकेना. "एवढं टेंडर भरून बघ. नाही लागलं तर रंध्याचं मशीन विकायचं आणि कुलूप लावायचं," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. मशीन बघायला एक माणूस येऊनही गेला. त्याने मशीनवर असा काही हात फिरवला, की ताईला तो हात झटकून टाकावासा वाटला.

टेंडर होतं शाळांच्या बाकांचं, आणि बोल्या उघडण्याआधी नमुन्याचं एक बाक कचेरीत मापात उतरायला हवं होतं. पण ताई हुशार. बाकीचे लोक टेंडरचा आकडा बघून घाबरतात आणि घरी बसतात, हिने अटींचा सगळा गठ्ठा वाचून काढला. त्यात एका कोपऱ्यात लिहिलं होतं की काही बाकं लहान कारखान्यांसाठी राखून ठेवली आहेत आणि दोघांनी मिळून बोली लावली तरी चालेल. ते वाचलं आणि ही बया स्वयंपाकघरात नाचायलाच लागली! फळी बाबांची, सांगाडा काकांचा. काकांचं वेल्डिंगचं दुकान तर भिंतीला भिंत लागून होतं.

घोडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. बाबा आणि काका, सख्खे भाऊ, पण एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही आता धड सांगता आलं नसतं, पण अबोला मात्र दोघांनी जिवापाड जपला होता. "त्याला सांग, पाय सरळ कापायला." "त्यांना सांग, आधी स्वतःची फळी बघा म्हणावं." सगळं ताईमार्फत. बिचारी भिंतीच्या अलीकडून पलीकडे, पलीकडून अलीकडे पळून पळून वैतागली. आणि एकमेकांच्या दुकानाची पायरी चढायची नाही हा दोघांचा हट्ट, म्हणून फळी इकडे तयार झाली, सांगाडा तिकडे. फळीची आणि सांगाड्याची पहिली भेट झाली ती थेट कचेरीच्या आवारात, टेंपोतून उतरल्यावर. तिथेच बोल्ट आवळले.

"बाबा, फळीची जाडी जास्त आहे," ताई ओरडली.

"असणारच. ह्याचा सांगाडा वाकडा निघणार, बसवताना तासावी लागणार, म्हणून जरा ठेवली."

"काका, पायपण लांब आहेत!"

"मग? ह्यांची फळी कुठेतरी वाकणार, मग पाय घासून जुळवावे लागणार, म्हणून ठेवले थोडे."

झालं! दोघांनी दुसऱ्याच्या चुकीची सोय करून ठेवली, आणि चूक दोघांपैकी एकानेही केली नव्हती. फळी आरशासारखी सपाट, सांगाडा काटकोनात. अशा माणसांचं करायचं तरी काय, सांगा तुम्हीच!

पलीकडे तपासणी सुरू झाली होती. तपासनीस बाई एकेक बाक मोजत होत्या. हातात टेप, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. ताईच्या पुढे अजून तीन-चार बाकं होती. शेजारी टायवाला एक गृहस्थ आपल्या चकचकीत बाकाला रुमालाने पुसत म्हणाला, "काय ताई, उंच मुलांसाठी बनवलंय वाटतं?" ताईला असा संताप आला! पण ती त्याच्या नादी लागली नाही, धावत बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, आमचा नंबर येईपर्यंत बाकात दुरुस्ती केली तर चालेल?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "नंबर पुकारेपर्यंत बाक तुमचं. पुकारल्यावर माझं. मग एक टाचणीसुद्धा हलवायची नाही."

ताई पळत परत आली. "चालतंय! बाबा, फळी खालून तासा, वरच्या पॉलिशला धक्का नको. काका, पाय कापा. मी खुणा करते."

"त्याला सांग, आधी पाय..." बाबांनी सुरुवात केली.

"मी कुणाला काही सांगणार नाही!" ताईचा आवाज आवारभर गेला. "बास झाली माझी हमाली! आज हे बाक नापास झालं तर मशीन गेलं, कारखाना गेला. तुम्हाला अबोला हवा असेल तर ठेवा खुशाल, कुलपाच्या आत बसून!"

 मग बाबांनी पिशवीतून रंधा काढला आणि काकांनी लोखंड कापायची करवत. बोल्ट काढून, फळी उलटी घालून बाबा तासायला लागले. लाकडाचे छिलके उडू लागले. काकांनी सांगाडा आडवा केला, पण करवत लावली की तो सरकायचा. एका हाताने धरावा तर कापता येईना. पुढचं एक बाक तपासून गेलं. दुसरं गेलं. काकांच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"दादा, धर की जरा!"

बाबांचा रंधा थांबला. किती वर्षांनी ती हाक ऐकली कुणास ठाऊक.  बाबा उठले, गुडघा सांगाड्यावर रोवला, दोन्ही हातांनी पाय दाबून धरला आणि म्हणाले, "काप. तिरकं नको जाऊ देऊस."

"मला शिकवू नकोस."

"मग शिकल्यासारखा काप!"

ताईला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. तिने कानशीने धारा घासल्या, बाकाच्या पायांना रबरी बूट परत चढवले, बोल्ट आवळले. शेवटचा आटा बसतोय न बसतोय तोच नंबर पुकारला.

बाईंनी उंची मोजली. जाडी मोजली. कोपरे मोजले. मग बाक गदागदा हलवलं, त्यावर स्वतः बसल्या, एका टोकाला सरकल्या, दुसऱ्या टोकाला सरकल्या. बाक जागचं हललं नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि "पुढचं" म्हणाल्या. बस्स, एवढंच! पास की नापास, ताईला काहीच कळेना.

दुपारी बोल्या उघडल्या. दर सगळ्यांसमोर वाचले गेले, आणि राखीव बाकांपुढे दोन भावांच्या दुकानांचं जोडनाव पुकारलं गेलं. ताई खुर्चीवरून अशी उठली की खुर्ची मागे पडली. टायवाल्यानेच ती उचलून ठेवली आणि "अभिनंदन हं, ताई," म्हणाला, तेही मनापासून. ताईने त्याचा हात असा हलवला की बिचारा हेलपाटला.

बाहेर आल्याआल्या ती म्हणाली, "बाबा, आधी त्या मशीनवाल्याला फोन करा. नाही विकायचं म्हणून सांगा."

"त्याला कालच कळवलं मी."

"काल? काल तर काहीच ठरलं नव्हतं!"

बाबा टेंपोची दोरी सोडायला लागले. "तू त्या कागदांवर मान मोडून बसलेली बघितली, आणि वाटलं, लागो न लागो, मशीन हिचं आहे. मी कोण विकणारा?"

 काका उसळले. "काल? आणि इकडे माझा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, मशीन जाणार म्हणून! मला सांगायला काय झालं होतं तुला?"

"कसं सांगणार?" बाबा म्हणाले. "तू बोलत होतास का माझ्याशी?"