हातभर मागे

आर्डिसने पिकअप उतारावरून हळूहळू मागे नेली. ट्रेलरची चाकं मिसूरी नदीच्या गढूळ पाण्यात गेली, तसा तिने ब्रेक करकचून दाबला आणि आरशात पाहिलं. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं होतं. ट्रेलरच्या टोकाच्या दोन पांढऱ्या खांबांना प्रवाह फेसाळत वळसा घालत होता.

खिडकीशी तिचा मुलगा कर्ट उभा होता. पन्नाशीचा, आणि बापासारखाच हट्टी.

"आई, ठरलं ते ठरलं. बाबांनी पहिल्या खेपेत बोट ट्रेलरवर चढवली तर मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. नाही चढली तर ती माझ्या शेडमध्ये. बाबा स्वतःच कबूल झालेत."

"ऐकलंय मी. बहिरी नाहीये."

"आणि तू मध्ये पडू नकोस."

तो पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

मध्ये पडू नकोस म्हणे! दोन वर्षं ती दुसरं करत काय होती? वाहत्या पाण्यात बोट ट्रेलरवर घ्यायची, तर तिचं नाक खांबांच्या वरच्या, प्रवाह येतो त्या अंगाला धरायचं. उरलेलं काम नदी करते. तिचा नवरा डेल्बर्ट हे आयुष्यभर लीलया करत आला होता. अलीकडे मात्र त्याचा नेम खालच्या अंगाला जायचा. मग ती स्टीअरिंग जरा वळवून ब्रेकवरचा पाय उचलायची, गाडी हातभर मागे सोडायची, ट्रेलरचं टोक सरकायचं आणि बोट अलगद खांबांमध्ये यायची. "बघितलंस? एका दमात!" नवरा म्हणायचा, आणि ती मान डोलवायची. संसारात एवढी लबाडी खपते, असं तिला वाटे.

पण गेल्या मंगळवारी कमरेएवढ्या पाण्यात गळ टाकून उभ्या असलेल्या एका माणसाच्या अगदी अंगावर त्याने बोट घातली. तो बिचारा शिव्या देत मागे कोसळला, म्हणून वाचला. "कोण ओरडतंय गं?" डेल्बर्टने शेजारी बसलेल्या तिलाच विचारलं होतं. तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

वर आणखी एक गाडी खोळंबली होती. तिच्या मागच्या फळीवर दोघे जण थर्मासमधली कॉफी पीत बसले होते. या नदीवरचा रिवाजच तसा. दुसऱ्याची बोट चढताना सगळे बघतात, पण हाक मारल्याशिवाय कुणी हात लावत नाही. न बोलावता मदतीला जाणं म्हणजे त्या माणसाला आता जमत नाही असं चारचौघांत सांगणं.

इंजिनाचा आवाज जवळ आला. आरशात डेल्बर्ट दिसला, सुकाणूवर ताठ बसलेला. बोटीचं नाक खालच्या अंगाला येत होतं. फार नाही, हातभर. आर्डिसच्या हातांनी आपसूक स्टीअरिंग वळवलं. आता नुसता ब्रेकवरचा पाय उचलायचा होता. तिने तो उचलला नाही.

खांबावर बोट आदळली आणि आडवी झाली. प्रवाहाने तिला कलतं केलं, बोटीच्या काठावरून पाणी आत शिरलं, डेल्बर्ट गुडघ्यांवर पडला. कर्टने पाण्यात उडी टाकली. कॉफी पिणारे दोघेही कप टाकून धावले आणि त्यांनी दोर पकडला.

हाक कुणीच मारली नव्हती.

थोड्या वेळाने डेल्बर्ट निथळत गाडीत येऊन बसला. मागे ते तिघे बोट हातांनी ओढून ट्रेलरवर चढवत होते. त्याने तिकडे पाहिलं नाही.

"लागलं का?"

"नाही."

तिने हीटर वाढवला. "डेल्बर्ट, मी…"

"मला ते खांब दिसतच नाहीत गं," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. मी तुझ्या ब्रेकचे लाल दिवे बघून येतो. ते विझले की समजायचो, आपण चुकलोय आणि तू सावरून घेतेयस. मग बिनघोर पुढे यायचो."

"आई, गाडी घे पुढे!" मागून कर्ट ओरडला.

तिचा पाय अजून ब्रेकवरच होता.

"आज ते विझायची वाट बघितली मी," डेल्बर्ट म्हणाला. "अगदी शेवटपर्यंत."