तात्यांनी ‘जा’ म्हटल्याशिवाय

तात्यांनी ड्रमच्या तोंडाशी फावडी धरली, बाहेर पडणारं खत तिच्यावर झेललं, वाऱ्यावर जरा निवू दिलं आणि मूठभर घेऊन घट्ट आवळलं. मूठ उघडली तेव्हा दाणे सुटे व्हायच्या ऐवजी त्यांचा गोळा झाला होता.

“ओलं झालंय!” ते ओरडले. ड्रम फिरत असताना या मजल्यावर ओरडल्याशिवाय कुणाचं कुणाला ऐकू जात नसे. इथली माणसं सवयीने घरीही ओरडूनच बोलत आणि बायकांची बोलणी खात.

ग्रीजवाला मामा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक ड्रमच्या बेअरिंगला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावून उभा होता. त्याला सहा बहिणी. भाचे मोजायचं त्याने कधीच सोडून दिलं होतं, आणि मामा हे नाव घरून निघून कारखान्यापर्यंत आलं होतं. तो म्हणाला, “बेअरिंग ठणठणीत आहे तात्या. पण आतून ठोके येतायत. पाइपावर थर चढलाय बघा.”

काम ऐकायला सोपं होतं. फॉस्फरिक अ‍ॅसिडात अमोनिया मुरवून केलेला दाट रबडा ड्रममधल्या कोरड्या भुकटीवर फवारायचा आणि खालच्या पाइपातून आणखी अमोनिया सोडायचा. भुकटी लोळता लोळता दाणा धरते. मग ड्रायर, मग चाळण्या. जाड निघेल ते दळायचं, बारीक निघेल ते पुन्हा ड्रममध्ये टाकायचं. पण रबडा थोडा जास्त झाला की सगळं पाइपाला जाऊन चिकटतं आणि दगडासारखं होतं. मग माणसांनी आत शिरून ते फोडायचं, याला दुसरा इलाज नाही.

शिफ्टच्या मॅडम वर आल्या. वयाने तात्यांच्या मुलीएवढ्या, पण एका नजरेत दहा गोष्टी बघणाऱ्या. त्यांनी तात्यांच्या हातातला गोळा पाहिला आणि म्हणाल्या, “थांबवा ड्रम. आजच साफ करून घेऊ.”

तात्यांनी गोळा पुन्हा मुठीत आवळला.

ड्रम साफ करायचा म्हणजे रीत ठरलेली होती. अमोनियाची लाइन बंद करायची, पंखा लावून आतली हवा काढायची, मग मॅडम ड्रमच्या दारातून गॅसमीटर आत धरायच्या. मीटरने शून्य दाखवलं तरी कुणी पाय उचलत नसे. तात्या त्या छोट्या दारातून डोकं आत घालायचे, एक लांब श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, “जा.” मग माणसं आत जायची.

हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी एकदा मीटर शून्यावर असताना तात्यांनी मान हलवली होती. “अजून आहे. थराच्या मागे दडलाय.” त्या वेळचे साहेब चिडले, तासभर वाया गेला म्हणाले. पण दारातूनच लांब पहारीने थर फोडला आणि आतून अशी वाफ आली, की बाहेर उभ्या असलेल्यांचे डोळे चुरचुरून लाल झाले. बाकीच्यांची नाकं या धंद्यात केव्हाच बोथट झाली होती. तात्यांचं मात्र शाबूत होतं. कपाटात ठेवलेलं शिळं दूध ते दारातून ओळखत. पुढच्या वर्षापासून नव्या माणसाला मीटर नंतर शिकवत; आधी सांगत, ‘तात्यांनी जा म्हटल्याशिवाय आत जायचं नाही.’

आणि गेल्या चार महिन्यांपासून तात्यांना कसलाच वास येत नव्हता.

सर्दी झाली, बरी झाली. वास परत आलाच नाही. पहिला महिना त्यांनी वाट पाहण्यात घालवला. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी ते खोलीत पेपर वाचत बसले होते आणि पाच पावलांवर दूध उतू जाऊन भांडं काळं होईपर्यंत करपलं. बायको बाजारातून आली ती तोंडावर पदर धरूनच.

“अहो, धूर डोळ्यांपुढून चाललाय आणि तुम्ही वाचताय काय?”

त्यांनी वर पाहिलं. खोली खरंच पांढुरकी झाली होती. बायकोने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मग त्यांच्या समोर येऊन बसली. चाळीस वर्षांच्या संसारात तिला काही समजावून सांगावं लागत नसे.

“कधीपासून?”

“येईल परत.”

“कारखान्यात सांगितलंत?”

“रिटायर व्हायला अकरा महिने राहिलेत. कशाला सांगू? उचलून नेऊन बसवतील पोती मोजायला. माझं काम माझ्या हातात आहे, डोळ्यांत आहे.”

“आणि ते ‘जा’ म्हणता, ते?”

तात्यांनी नजर खाली वळवली. पेपर पुन्हा उघडला. खरं तर त्यांना पोत्यांची भीती नव्हती. तीस वर्षं कारखान्याच्या धुराड्यांच्या सावलीत काढली, बढती नाही, कसलं पदक नाही. पण आठ-दहा धडधाकट माणसं आपल्या एका शब्दासाठी दारात थांबतात, एवढी एक गोष्ट त्यांच्याजवळ होती. ती गेली की मागे काय उरतं, ते त्यांना कळत नव्हतं. या विचाराने त्यांना रात्रंदिवस लाज वाटे आणि तरीही तोंडातून शब्द निघत नसे.

त्यानंतर एकदा ड्रम थांबला होता, दोन महिन्यांपूर्वी. तात्यांनी डोकं आत घातलं, श्वास घेतला. हवा गरम होती, एवढंच कळलं. ते म्हणाले, “जा.” मामा सगळ्यांत पुढे होता. त्याने तिसरा घाव घातला आणि थराच्या फटीतून आलेला भपकारा थेट त्याच्या तोंडावर बसला. त्याला ओढून बाहेर काढलं, डोळ्यांवर पाणी ओतलं. तीन दिवस तो खोकत होता. लोक म्हणाले, घाव वेडावाकडा बसला. मामाही तेच म्हणाला. पूर्वीच्या नाकाला तो वास लागला असता की नसता, हे आता कधीच कळणार नव्हतं. पण तात्या त्या तीन रात्री झोपले नाहीत.

आज ड्रम पुन्हा थांबला. अचानक आलेल्या शांततेत सगळे जरा हळू आवाजात बोलू लागले. लाइन बंद झाली, पंखा तासभर फिरला. मामाने कमरेला पट्टा बांधला, दोरीची गाठ ओढून पाहिली. मॅडमनी मीटर आत धरला, बाहेर काढला आणि सगळ्यांना दाखवला. शून्य.

“तात्या,” मामा म्हणाला, “बघा बरं. मागल्या खेपेसारखं नको, घरी भाचे मला कोळसा-इंजिन म्हणत होते.”

सगळे हसले. तात्या दाराशी गेले. डोकं आत घातलं. आत अंधार होता, खालून गरम वाफ चेहऱ्यावर येत होती, पाइपावरचा पांढरा थर वीतभर जाड झालेला दिसत होता. त्यांनी श्वास घेतला. काही नाही. आणखी एकदा घेतला, पोटापर्यंत. काहीच नाही.

त्यांनी डोकं बाहेर काढलं तेव्हा आठ माणसं त्यांच्याकडे बघत होती. मामाने तर एक पाय दाराच्या चौकटीवर ठेवलासुद्धा होता.

“थांब,” तात्या म्हणाले.

“आहे का?”

“माहीत नाही.”

“म्हणजे?”

“मला वास येत नाही, मामा. चार महिने झाले. कसलाच येत नाही.”

मॅडमनी मीटर खाली केला. मामाचा पाय तसाच चौकटीवर होता. तो हिशेब लावत असावा, कारण त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

“मागल्या खेपेला?”

“तेव्हाही येत नव्हता.”

“आणि तुम्ही जा म्हणालात.”

“म्हणालो.” तात्यांना आणखी बरंच काही सांगायचं होतं. सर्दीचं, दुधाचं, त्या तीन रात्रींचं. पण आता त्यातलं काहीही सांगणं म्हणजे रडगाणं झालं असतं. “चुकलं माझं,” ते म्हणाले. “तुझा जीव गेला असता.”

मामाने पाय खाली घेतला. वळला आणि कोपऱ्यातला लांब बांबू घेऊन आला. मॅडमच्या हातातून मीटर घेऊन त्याने तो बांबूच्या टोकाला बांधला आणि पार आत, पाइपाच्या खालच्या अंगाला नेऊन धरला. दुसऱ्या एकाने दारातून पहार सरकवून थरावर दोन घाव घातले. तिसऱ्या घावाला टवका उडाला आणि मीटर किंचाळू लागला. सगळे मागे सरले. मॅडमनी डोळे पुसत पंखा पुन्हा लावायला सांगितला, पाणी मारायला सांगितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

पंखा आणखी दोन तास फिरला. तात्या भिंतीला टेकून उभे राहिले. मॅडम एकदा जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “उद्या डॉक्टरांकडे जाऊन या. आणि तात्या, या मजल्यावर आता तुम्हाला ठेवता यायचं नाही मला.” तात्या म्हणाले, “बरोबर आहे तुमचं.” त्यांना वाटलं होतं तेवढं ते ऐकायला जड गेलं नाही. जड होता तो मामा, जो समोर बसून त्यांच्याकडे पाठ करून पहारीचं टोक घासत होता.

मीटर बांबूवरून तीनदा आत जाऊन आला. तिन्ही वेळा शून्य. माणसं उठली, पट्टे आवळले. दोरीचं टोक धरून दाराबाहेर बसायला एकजण लागतो. आत कुणी घुसमटला तर त्याला बाहेर ओढायचं त्याचं काम. एक फिटर पुढे झाला.

मामाने त्याच्या हातातून दोरी काढून घेतली आणि तात्यांसमोर धरली. त्यांच्या तोंडाकडे मात्र पाहिलं नाही.

“धरा. डुलकी घेऊ नका.”

“नाही घेणार,” तात्या म्हणाले.

मामा वाकून आत गेला. तात्या दाराशी मांडी घालून बसले, दोरीचा एक वेढा मनगटाला दिला आणि दोन्ही हातांनी ती धरली. आत पहिला घाव बसला. दोरी थरथरली. मॅडम म्हणाल्या, तासाने बदली देते. तात्यांनी मान डोलावली, पण शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत दोरी सोडली नाही.