उताऱ्यातले पेशंट

सतरा वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढलेल्या बाईला पोटच्या पोरीने वाचायला शिकवावं, यापरता अपमान नाही. पण नर्सिंगच्या पदवीसाठी माझी वयोमर्यादा याच वर्षी संपत होती आणि प्रवेश परीक्षेतले विज्ञानाचे उतारे मला अजिबात दाद देत नव्हते. एका उताऱ्याला सहा मिनिटं. तेवढ्यात मी दुसऱ्या ओळीपर्यंत पोचायचे आणि तिथून परत पहिलीवर यायचे.

"आई, तू समजून घेत बसतेस," लेक मोबाइलवर वेळ लावत म्हणाली. "आधी प्रश्न वाच. मग उत्तर हुडक."

"न समजता?"

"हो. समजून घे नंतर, घरी येऊन."

माझं डोकंच फिरलं. औषधाची बाटली आम्ही तीनदा वाचतो आणि ही म्हणते, वरवर नजर टाक.

अवघड शब्दांवर मात्र उपाय माझा मीच काढला. बारा-बारा अक्षरी नावांची प्रथिनं आली की मी त्यांना पेशंटसारखं बेडवर टाकायचे. पहिलं नाव एक नंबर, दुसरं दोन नंबर. "दोन नंबर जागा झाला की तीन नंबरला छळतो, म्हणून तीन नंबर काम बंद करतो," मी सांगितलं. लेकीने उत्तरं ताडून पाहिली. पाचपैकी पाच. बाईसाहेबांनी लगेच पुढचा उतारा समोर ठेवला.

परीक्षेत चार उतारे असेच सटासट उरकले. खोल समुद्रातल्या किड्यासकट सगळ्यांना भरती करून घेतलं आणि घरी पाठवलं. दोन उतारे उरले होते आणि बारा मिनिटं. स्वतःवर मी भलतीच खूश होते.

पाचवा उतारा औषधाच्या डोसाचा निघाला. मोठ्यांचा मिलिग्रॅममध्ये, मुलांचा मात्र मायक्रोग्रॅममध्ये, तोही अगदी शेवटच्या ओळीत. प्रश्न आधी वाचले, उत्तरं दिसलीसुद्धा. पण हात गोल काळा करेना. उतारा पहिल्यापासून वाचला. मग पुन्हा. गोल भरल्यावर आणखी एकदा. घंटा झाली तेव्हा सहावा उतारा कोरा होता.

लेकीने कपाळाला हात लावला. "अगं, तो डोस खरंच कुणाला द्यायचा होता का?"

"आठ किलोचं मूल होतं," मी म्हटलं आणि मला रडूच कोसळलं. हातातोंडाशी आलेलं मी स्वतः घालवलं होतं.

प्रवेशाची यादी लागली. माझं नाव शेवटून पहिलं होतं.

"पाचव्यातलं एक जरी चुकलं असतं ना, तर गेली होतीस," लेक म्हणाली.

"म्हणजे माझंच बरोबर."

"सहावा सोडवला असतास तर कुठल्या कुठे वर असतीस." आणि मग सवयीने, "पुढच्या वेळी घड्याळ बघत जा."

"पुढची वेळ नाहीये, बाई. मला प्रवेश मिळालाय," मी म्हटलं, आणि स्वतःच्या तोंडून ऐकलं तेव्हा कुठे मला ते खरं वाटलं.