निम्म्या फायली गेल्या कुठे?

चूक हाती लागली की सोडायची नाही, म्हणून ऑफिसात तिला सगळे चिवटताई म्हणत. या खेपेला मात्र सोडलेली बरी, असं तिलाही वाटत होतं. तिचं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं आणि ते वाढवणं साहेबांच्या हातात होतं.

चूक सर्व्हरची. मोठ्या फोल्डरमधल्या फायलींची नावं तो एका दमात देत नाही. थोडी देतो, मग आपला कॉम्प्युटर म्हणतो, "आता इथून पुढची." हा शहाणा सर्व्हर मात्र कुठवर दिलं याची खूण पुढे सरकवायला विसरे आणि तीच नावं पुन्हा वाढून मगच पुढे जाई. यादी कोणी वाचत नसे, फायलींचा एकूण आकडा मात्र सगळे वाचत. त्या दुप्पट आकड्यावर साहेबांनी वरच्यांसमोर भाषण ठोकून टाळ्या घेतल्या होत्या.

ताईने दुरुस्ती केली आणि दुपारीच बोलावणं आलं.

"ताई, निम्म्या फायली गेल्या कुठे?"

"गेल्या नाहीत साहेब, नव्हत्याच. एकच फाइल दोनदा मोजली जात होती. दाखवू?"

"मला दाखवू नका. फायली आणून द्या!"

"स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास," आई घरी म्हणाली. ताईला रडू आलं. खरं बोलून रडायची पाळी यावी, याचाच तिला जास्त राग आला.

साहेबांनीही रात्रभर विचार केला असावा. आकडा चुकला म्हणावं तर भाषण खोटं पडतं. फायली हरवल्या म्हणावं तर नुसता निष्काळजीपणा, आणि तोही दुसऱ्या कोणाचा! सकाळी त्यांनी शोधपथक नेमलं.

"प्रमुख तुम्ही. तुमच्याइतकी चिकाटी आहे कोणात? फायली सापडेपर्यंत तुमची नोकरी पक्की."

"पण साहेब, त्या कधीच..."

"घाई नाही," साहेब मायेने म्हणाले.

ताईने नेमणुकीच्या कागदावर सही केली. आठवड्याने तिने पहिला अहवाल लिहिला, 'शोध चालू आहे', आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवला. यादी उघडून पाहिली. अहवालाचं नाव एकदाच दिसलं. दुरुस्ती चोख झाली होती.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांनी आकडा पाहिला होता.

"शाब्बास ताई! एक सापडली!"