पोस्टरवरची वेल

प्रज्ञाने पातेल्यावरचं झाकण उचललं आणि कडू वाफ नाकात शिरली. हिरवट पाण्यात गुळवेलीचे तुकडे तरंगत होते.

"हे कोणी दिलं आबांना?" तिने आईला विचारलं. "कोणत्या बुवाने?"

 रुक्माबाईंनी फक्त भिंतीकडे पाहिलं. तिथे बाबासाहेबांच्या तसबिरीखाली प्रज्ञाचंच पोस्टर ठोकलेलं होतं, जळगावच्या फार्मसी कॉलेजात बक्षीस मिळालेलं. एका टोकाला गुळवेल, तिच्यातून निघालेल्या रेषांचं दाट जाळं आणि दुसऱ्या टोकाला तोंडाचा कॅन्सर. मागच्या सुट्टीत तिने ते भडगावला आणलं, तेव्हा तिच्या वडिलांनी, देवचंदांनी, जाळ्यावर बोट ठेवून विचारलं होतं, "मना आजारबी याम्हा शे का?"

"हो आबा, हाच," ती हौसेने म्हणाली होती. ही कॉम्प्युटरने मांडलेली नुसती शक्यता आहे, हे सांगायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

देवचंदांनी आयुष्यभर अंगारेधुपारे उंबऱ्याबाहेर ठेवले. झाडपाल्यावाल्यांची तर ते यथेच्छ टर उडवायचे. हाच काढा दुसऱ्या कोणी दिला असता तर त्यांनी सरळ मोरीत ओतला असता. पण हा पोरीच्या शिक्षणातून आला होता.

"आणि धुळ्याच्या हॉस्पिटलातले रेडिएशनचे शेक?"

"बंद करी टाकात त्यासनी. म्हने, घरमा पोरनं औषध शे, तं तोंड कसाले भाजी लेवानं?"

प्रज्ञाला राग आला, तो स्वतःचाच. देवचंद खाटेवर बसले होते, एवढ्या उकाड्यात गळ्याभोवती रुमाल गुंडाळून. ती त्यांच्यापुढे जाऊन बसली.

"आबा, ते फक्त कॉम्प्युटरवरचं आहे. माणसावर आम्ही काहीच तपासलेलं नाही."

ते पोस्टरकडे बघत राहिले.

तेवढ्यात शेजारच्या कमलबाई रिकामा डबा घेऊन दारात आल्या. त्यांच्या नवऱ्यालाही हाच आजार होता.

"भाऊ, काढा शे का? आमना घरना बी आते शेक लेवाले धुयाले जात नही."

"काकू, ते औषध नाही," प्रज्ञा म्हणाली.

कमलबाई हसल्या. "तूच शोधं ना बेटा? बठ्ठी गल्लीले भाऊ हाईच सांगतस. आनि भाऊसले गुणबी उना."

देवचंदांनी लेकीकडे पाहिलं. त्यांनी गल्लीभर तिचं नाव किती मिरवलं होतं, ते त्या नजरेत होतं. 

मग देवचंदांनी हात गळ्याशी नेला. रुमालाचा वेढा सुटेना, तेव्हा रुक्माबाईंनी खाली बघत तो सोडवून दिला. कानाखाली सुपारीएवढी गाठ आली होती. मागच्या सुट्टीत ती नव्हती.

"त्याले शेक लेवाले धुयाले धाड, कमल," ते अडखळत म्हणाले.

कमलबाईंनी रिकाम्या डब्याला झाकण लावलं आणि त्या निघून गेल्या.

प्रज्ञा उठली आणि पोस्टरचे खिळे उपटू लागली.

"राहू दे," देवचंद म्हणाले. "बक्षीस भेटनं ना तुले."